पायथन: क्लासला + - * / शिकवताना तोच तोच कोड किती वेळा लिहायचा?

अक्षांश (धागाकर्ता)

मंडळी, एक क्लास लिहितोय. मोजमापात नेमका आकडा क्वचितच हाती लागतो, 'इथपासून इथपर्यंत कुठेतरी' असंच मिळतं. समजा लांबी ९.८ ते १०.२ च्या दरम्यान आहे. तर अशी किमान-कमाल जोडी एका ऑब्जेक्टमध्ये ठेवायची, त्याला म्हणायचं 'पट्टा', आणि त्यावर साध्या आकड्यांसारखी गणितं करता यावीत. पट्टा + पट्टा चालावं, पट्टा + ५ चालावं, ५ - पट्टा सुद्धा चालावं.

(कोड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. चालवून बघताना पायथनचे शब्द नेहमीच्या रोमन अक्षरांत टाईप करा.)

    डेफ __ॲड__(सेल्फ, इतर):
        इफ इझइन्स्टन्स(इतर, नंबर्स.रिअल):
            इतर = पट्टा(इतर, इतर)
        इफ नॉट इझइन्स्टन्स(इतर, पट्टा):
            रिटर्न नॉटइम्प्लिमेंटेड
        रिटर्न पट्टा(सेल्फ.किमान + इतर.किमान,
                  सेल्फ.कमाल + इतर.कमाल)

आता हेच __सब__, __मुल__, __ट्रूडिव्ह__ साठी. मग त्या प्रत्येकाची उलटी बाजू, म्हणजे पट्टा चिन्हाच्या उजवीकडे असताना चालणारी: __आरॲड__, __आरसब__ वगैरे. पहिल्या चार ओळी सगळीकडे अक्षरशः त्याच, फक्त शेवटची बदलते. आठ मेथड झाल्यावर फाईल बघवत नाही.

वाटलं होतं की __गेटॲट्र__ मध्ये (ऑब्जेक्टवर न सापडणारं नाव मागितलं की चालते ती मेथड) सगळी डंडर नावं, म्हणजे मागे-पुढे दोन-दोन अंडरस्कोअर असलेली, एकाच ठिकाणी पकडू. पण पायथन तिकडे फिरकतच नाही. प.__ॲड__(५) असं हाताने बोलावलं की __गेटॲट्र__ चालतं, प + ५ लिहिलं की थेट टाइपएरर. असं का? आणि मग रीत कोणती?

दीर्घिका

आधी 'असं का'चं उत्तर. चिन्ह वापरून केलेल्या क्रियेसाठी पायथन मेथड ऑब्जेक्टवर शोधत नाही, त्याच्या टाइपवर शोधतो, आणि तेही __गेटॲट्र__ आणि __गेटॲट्रिब्यूट__ या दोघांना वळसा घालून. हे मुद्दाम आहे. एक कारण वेग. दुसरं कारण जास्त रंजक आहे: क्लास हेही ऑब्जेक्टच. हॅश(इंट) असं लिहिलं तर इंट या क्लासचा स्वतःचा हॅश हवाय. शोध जर ऑब्जेक्टवरच झाला असता, तर इंटमध्ये पूर्णांकांसाठी ठेवलेली __हॅश__ हाती लागली असती आणि ती 'मला सेल्फ कुठाय' म्हणून ओरडली असती. म्हणून नियम असा की डंडर मेथड क्लासवर खरोखर हजर पाहिजे, नुसता तसा भास निर्माण करून भागत नाही.

तेव्हा __गेटॲट्र__ ची वाट बंद. क्लासमध्ये ती नावं असायलाच हवीत. तुमचा प्रश्न मग एवढाच उरतो की त्या नावांपुढची फंक्शनं हाताने लिहायची की कुणाकडून तरी बनवून घ्यायची.

खटपट्या

माझं मत साधं आहे. आठ मेथड म्हणजे काही डोंगर नाही. त्यातला सारखा भाग बाहेर काढा, बाकीचं हातानेच लिहा. 'पट्टा_कर' नावाचं एक छोटं फंक्शन: आकडा दिला तर पट्टा करून देतं, पट्टा दिला तर तसाच परत करतं, दुसरं काही दिलं तर नन. मग प्रत्येक मेथड तीन-चार ओळींची होते, आणि सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला जादू उलगडत बसावी लागत नाही.

शिवाय बेरीज आणि गुणाकाराची उलटी बाजू फुकटात मिळते. क्लासच्या अंगातच

    __आरॲड__ = __ॲड__
    __आरमुल__ = __मुल__

एवढं लिहिलं की झालं. स्टँडर्ड लायब्ररीतला टाइमडेल्टा हेच करतो, पायथनमध्ये लिहिलेली त्याची आवृत्ती उघडून बघा.

अक्षांश

म्हणजे __आरसब__ = __सब__ पण?

खटपट्या

अजिबात नको! ५ - पट्टा(१, २) चं उत्तर पट्टा(३, ४) यायला हवं. तुमच्या ओळीने येईल पट्टा(-४, -३). वाईट म्हणजे एररही येणार नाही, उत्तर गुपचूप उलटं येईल. __आरसब__ मध्ये सेल्फ हा *उजवीकडचा* असतो, डावीकडचा 'इतर' म्हणून येतो. बेरीज-गुणाकारात क्रम बदलला तरी फरक पडत नाही म्हणून तिथे हे खपतं. तेही आकड्यांपुरतंच. मॅट्रिक्सचा क्लास असेल तर गुणाकाराला सुद्धा हे लावू नका.

दीर्घिका

खटपट्या यांच्या पट्टा_कर ला अनुमोदन, पण तिथेच थांबायचं कारण नाही. सरळ आणि उलट या दोन्ही मेथड *एकाच* क्रियेपासून बनवता येतात. पायथनच्याच फ्रॅक्शन्स मॉड्यूलमध्ये हे वर्षानुवर्षं आहे. तिथे '_ऑपरेटर_फॉलबॅक्स' नावाचं फंक्शन एका क्रियेची दोन रूपं (फ्रॅक्शनसाठीचं आणि इतर आकड्यांसाठीचं) घेतं आणि दोन फंक्शनं परत देतं, एक सरळ, एक उलट. आपल्यासाठी ते असं होईल:

    डेफ जोडी(क्रिया):
        डेफ सरळ(सेल्फ, इतर):
            इतर = पट्टा_कर(इतर)
            इफ इतर इज नन:
                रिटर्न नॉटइम्प्लिमेंटेड
            रिटर्न क्रिया(सेल्फ, इतर)

        डेफ उलट(सेल्फ, इतर):
            इतर = पट्टा_कर(इतर)
            इफ इतर इज नन:
                रिटर्न नॉटइम्प्लिमेंटेड
            रिटर्न क्रिया(इतर, सेल्फ)

        रिटर्न सरळ, उलट

आणि क्लासमध्ये:

    __ॲड__, __आरॲड__ = जोडी(_बेरीज)
    __सब__, __आरसब__ = जोडी(_वजाबाकी)
    __मुल__, __आरमुल__ = जोडी(_गुणाकार)
    __ट्रूडिव्ह__, __आरट्रूडिव्ह__ = जोडी(_भागाकार)

क्रमाची भानगड एकाच जागी, क्रिया(इतर, सेल्फ) या ओळीत. ती एकदा बरोबर लिहिली की आठही ठिकाणी बरोबर. _बेरीज, _वजाबाकी वगैरे फंक्शनांना दोन्ही बाजूंनी पट्टेच येणार याची खात्री असल्यामुळे त्यांत फक्त गणित उरतं.

अक्षांश

हे आवडलं. दोन शंका. एक, नॉटइम्प्लिमेंटेड *परत* का करायचं, सरळ टाइपएरर का फेकायचा नाही? दोन, सम(पट्ट्यांची_यादी) चालेल का?

दीर्घिका

एक: कारण तुमचा क्लास नाही म्हणाला म्हणजे विषय संपला असं नसतं. अ + ब मध्ये पायथन आधी अ च्या टाइपला विचारतो. तिथून नॉटइम्प्लिमेंटेड आलं तर ब च्या टाइपला __आरॲड__ विचारतो. दोघांनीही हात वर केले तरच टाइपएरर, आणि तो पायथन स्वतः फेकतो. तुम्ही आधीच एरर फेकलीत तर उद्या कुणी तुमच्या पट्ट्याशी जमवून घेणारा दुसरा क्लास लिहिला, तरी त्याची पाळीच येणार नाही. ५ - पट्टा चालतं ते याच सौजन्यामुळे. इंटला पट्टा माहीत नाही, तो नॉटइम्प्लिमेंटेड परत करतो आणि मग तुमचं __आरसब__ बोलावलं जातं.

दोन बारकावे लक्षात ठेवा. दोन्ही बाजू एकाच टाइपच्या असतील तर उलटी मेथड विचारलीच जात नाही. आणि उजवीकडचा ऑब्जेक्ट डावीकडच्या टाइपच्या सबक्लासचा असेल, आणि त्याने उलटी मेथड स्वतःची वेगळी लिहिली असेल, तर *त्याला आधी* विचारतात. सबक्लासला आपलं म्हणणं वरचढ ठेवता यावं म्हणून.

नॉटइम्प्लिमेंटेडएरर हा वेगळा प्राणी, तो एक्सेप्शन आहे, त्याच्याशी घोळ नको. आणि इफ क्रिया(अ, ब): अशा ठिकाणी नॉटइम्प्लिमेंटेड चुकून आलं तर पूर्वी ते गुपचूप खरं धरलं जायचं. ३.९ पासून त्यावर इशारा येऊ लागला आणि ३.१४ मध्ये थेट टाइपएरर.

दोन: सम ० पासून सुरू होतो, म्हणजे पहिली बेरीज ० + पट्टा. जोडी मधून __आरॲड__ मिळालंय आणि पट्टा_कर ला ० चालतो, म्हणून चालेल.

तिरकस

सगळे सरळ-उलट मेथडमध्ये अडकलेत, आणि खरी पुनरावृत्ती तिकडे _बेरीज, _वजाबाकी, _गुणाकार, _भागाकार मध्ये पडून आहे. बघा ना. वजाबाकीत किमान वजा *कमाल* करायचं. गुणाकारात चार गुणाकार करून त्यातला लहानात लहान आणि मोठ्यात मोठा घ्यायचा, कारण ऋण आकडे आले की कुठला कोपरा जिंकेल सांगता येत नाही. भागाकारातही तेच. मग चारही क्रियांना चारच कोपरे का तपासू नयेत?

    डेफ कोपरे(क्रिया, अ, ब):
        उत्तरं = [क्रिया(क्ष, य)
                 फॉर क्ष इन (अ.किमान, अ.कमाल)
                 फॉर य इन (ब.किमान, ब.कमाल)]
        रिटर्न पट्टा(मिन(उत्तरं), मॅक्स(उत्तरं))

आणि क्रिया म्हणून ऑपरेटर मॉड्यूलमधली तयार फंक्शनं: ऑपरेटर.ॲड, ऑपरेटर.सब, ऑपरेटर.मुल, ऑपरेटर.ट्रूडिव्ह. जोडी च्या आत क्रिया(सेल्फ, इतर) ऐवजी कोपरे(क्रिया, सेल्फ, इतर), उलट मध्ये कोपरे(क्रिया, इतर, सेल्फ). _बेरीज वगैरे चारही फंक्शनं कचऱ्यात. गणिताची ओळ अख्ख्या फाईलमध्ये एकदाच.

हे चालतं कारण एक बाजू स्थिर धरली तर या चारही क्रिया दुसऱ्या बाजूबरोबर एकाच दिशेने जातात, एकतर वाढत किंवा घटत. मध्येच वळत नाहीत. म्हणून टोकाची उत्तरं कोपऱ्यांवरच सापडतात.

खटपट्या

बेरजेला दोन ऐवजी चार बेरजा आणि वर मिन-मॅक्स. लाखो पट्ट्यांवर चालवणार असाल तर हे जाणवेल.

तिरकस

लाखो पट्टे असतील तर एकेका पट्ट्याचा एकेक ऑब्जेक्टच करू नये, नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीत किमानचा एक अ‍ॅरे आणि कमालचा एक. हा क्लास त्या कामाचा नाहीच.

घाईघाईत

मग चारच का? लूप लावा आणि सगळे एकदम उरका!

    फॉर नाव इन ['ॲड', 'सब', 'मुल', 'ट्रूडिव्ह', 'फ्लोअरडिव्ह', 'मॉड', 'पाव']:
        सरळ, उलट = जोडी(गेटॲट्र(ऑपरेटर, नाव))
        सेटॲट्र(पट्टा, '__' + नाव + '__', सरळ)
        सेटॲट्र(पट्टा, '__आर' + नाव + '__', उलट)

पायथनच्या दस्तऐवजात दोन बाजूंच्या अंकगणिती मेथड १४ आहेत, त्यांच्या उलट्या १४, आणि += सारख्या जागच्या जागी बदलणाऱ्या १३ (डिव्हमॉडला तशी बाजू नाही). एकूण ४१. हाताने कोण लिहिणार? अँड आणि ऑर साठी ऑपरेटर मॉड्यूलमध्ये नावापुढे अंडरस्कोअर आहे, डिव्हमॉड तिथे नाहीच तो बिल्टइन घ्यायचा, एवढे दोन-तीन अपवाद सांभाळले की विषय संपला.

तिरकस

आता बसा आणि पट्टा(७, ११) % १० चालवा.

कोपरे काय म्हणतात? ७ % १० म्हणजे ७, ११ % १० म्हणजे १. उत्तर पट्टा(१, ७). पण त्या पट्ट्यात ९ ही आहे आणि ९ % १० होतं ९. त्यात १० ही आहे, त्याचं होतं ०. दोन्ही उत्तराच्या बाहेर! बाकी काढण्याची ही क्रिया मध्येच खाली कोसळते आणि पुन्हा चढते, म्हणून कोपरे बघून तिचं काही कळत नाही.

फ्लोअरडिव्ह मात्र चालेल, कारण भागाकार करून खाली उतरवणं एवढंच ते, दिशा बदलत नाही. पट्टा(७, ११) // पट्टा(२, ३) चे कोपरे ३, २, ५, ३. उत्तर पट्टा(२, ५), बरोबर.

पाव (म्हणजे घात) वर तर वेगळा प्रतिसाद लिहावा लागेल.

घाईघाईत

ठीक, यादीतून मॉड आणि पाव काढा. लूप तर राहू द्या. युक्ती वाईट नाही, यादी लांब होती.

दीर्घिका

यादी तोकडी करा हे मान्य, पण सेटॲट्रवाल्या लूपबद्दल माझी तक्रार दुसरी आहे. मायपाय (टाइप तपासणारं साधन) किंवा एडिटर कोड न चालवता वाचतात. क्लासच्या अंगात __ॲड__, __आरॲड__ = जोडी(...) असं लिहिलेलं त्यांना दिसतं, जोडी ला टाइप हिंट दिल्या तर परतीचा टाइपही कळतो. क्लास संपल्यावर लूपमध्ये जोडलेलं नाव त्यांच्या लेखी अस्तित्वातच नाही. पट्टा + ५ खाली लाल रेघ येणार, कोड व्यवस्थित चालत असूनही. चार-पाच ओळी वाचवण्यासाठी एवढं मोजायची माझी तयारी नाही.

लूप लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक. वरच्या कोडमध्ये जोडी हे वेगळं फंक्शन आहे म्हणून निभावलं. कुणी 'सरळ' हे फंक्शन लूपच्या आतच लिहिलं, तर सगळ्या मेथड यादीतली *शेवटची* क्रिया करतील. क्लोजर (बाहेरचं व्हेरिएबल वापरणारं आतलं फंक्शन) किंमत धरून ठेवत नाही, व्हेरिएबल धरून ठेवतं, आणि लूप संपेपर्यंत त्यात शेवटचं नाव बसलेलं असतं. बेरीज केली आणि भागाकार आला, असं दिसलं तर पहिल्यांदा इथे बघा.

बखरकार

मोठ्या लायब्ऱ्यांनी काय केलंय ते बघण्यासारखं आहे, कारण तिघांच्या तीन तऱ्हा आहेत.

फ्रॅक्शन्सची तऱ्हा वर आलीच.

नमपायमध्ये 'एनडीअ‍ॅरेऑपरेटर्समिक्सिन' नावाचा क्लास आहे, १.१३ पासून. त्यात लूप नाही. प्रत्येक चिन्हासाठी एक ओळ, आणि त्या ओळीत कारखान्यासारखं फंक्शन सरळ, उलट, जागच्या जागी अशा तिन्ही मेथड एकदम देतं. तुम्ही तो वारसा घ्यायचा आणि __अ‍ॅरे_युफंक__ ही एकच मेथड लिहायची.

पांडास सगळ्यात साधं वागतं. त्यांच्या 'ऑप्समिक्सिन' मध्ये प्रत्येक मेथड हाताने लिहिलेली आहे, पण अंगात एकच ओळ: सेल्फ._अरिथ_मेथड(इतर, ऑपरेटर.ॲड). पुनरावृत्ती आहे, पण ती फक्त नावांची आहे, विचाराची नाही. खटपट्या यांना हे पटेल असं वाटतं.

खटपट्या

पटलं! आणि त्याचा एक फायदा कुणी बोललं नाही: ट्रेसबॅक, म्हणजे एरर आल्यावर छापला जाणारा माग. जोडी तून बनवलेल्या आठही मेथडमध्ये काही फुटलं तर ट्रेसबॅकमध्ये नाव दिसतं 'सरळ' किंवा 'उलट'. बेरजेत फुटलं की भागाकारात, ते वरच्या ओळीवरून ताडायचं.

घाईघाईत

त्याला सोपं औषध आहे. सरळ.__नेम__ = '__ॲड__' करून टाका. फ्रॅक्शन्सवाले पण करतात.

दीर्घिका

करतात, आणि त्याने फंक्शन छापलं की नाव नीट दिसतं, हेल्पमध्येही. पण ट्रेसबॅक ते नाव वाचतच नाही. तो कोड ऑब्जेक्टमधलं को_नेम वाचतो आणि ते डेफ च्या ओळीवर ठरून गेलेलं असतं. बदलायचंच असेल तर ३.८ पासून कोड ऑब्जेक्टला रिप्लेस मेथड आहे, तिने नवा कोड ऑब्जेक्ट बनवून सरळ.__कोड__ मध्ये बसवता येतो. मी स्वतः एवढ्या खोलात जाणार नाही. मिक्सिन करून एकेक ओळीच्या मेथड लिहिणं त्यापेक्षा स्वस्त.

अक्षांश

+= चं काय? __आयॲड__ पण जोडी तून काढू?

तिरकस

काढू नका, लिहूच नका. __आयॲड__ नसेल तर पायथन प += ५ चं आपोआप प = प + ५ करतो. पट्टा हा आकड्यासारखा न बदलणारा ठेवा, तर हेच हवं. __आयॲड__ लिहून त्यात सेल्फ.किमान बदललंत, तर तोच पट्टा दुसऱ्या कुठल्या यादीत असेल तिथेही बदलेल. लिस्टला ते शोभतं, आकड्याला नाही. म्हणजे ४१ मधल्या १३ एका फटक्यात गेल्या.

क्लासवर डेटाक्लास(फ्रोझन=ट्रू) लावा. __इक्यू__ आणि __हॅश__ दोन्ही मिळतील. हाताने नुसती __इक्यू__ लिहिली तर पायथन __हॅश__ नन करतो आणि पट्टा सेटमध्ये टाकता येत नाही, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं.

घाईघाईत

आणि लहान-मोठेपणासाठी फंकटूल्समधलं टोटल_ऑर्डरिंग! एक __एलटी__ लिहा, बाकी तीन फुकट.

तिरकस

पट्टा(१, ५) मोठा की पट्टा(२, ३)? एकात एक बसलेल्या पट्ट्यांत लहान-मोठं ठरत नाही. टोटल_ऑर्डरिंग हे गृहीत धरतं की 'लहान नाही' म्हणजे 'मोठा किंवा समान'. इथे ते खोटं आहे. डेकोरेटर तक्रार करणार नाही, फक्त >= ला खोटं उत्तर देईल. टोटल_ऑर्डरिंग छान आहे, पण ज्यांची रांग लागते त्यांच्यासाठी.

अक्षांश

सगळं एकत्र करून चालवलं. एक उत्तर विचित्र आलंय: पट्टा(१, २) / पट्टा(-१, १) बरोबर पट्टा(-२, २). १ ला ०.००१ ने भागलं तर १००० येतात आणि ०.००१ तर त्या पट्ट्यात आहे. शून्याने भागल्याची एरर का आली नाही?

तिरकस

कारण कोपऱ्यांवर शून्य नाही, मध्ये आहे. पायथनला फक्त -१ आणि १ ने भागायला सांगितलंय, ते त्याने इमानाने केलं. 'मध्येच वळत नाहीत' हे भागाकाराबाबत तेव्हाच खरं, जेव्हा भाजकाच्या पट्ट्यात शून्य नसतं. म्हणून भागाकार कोपरे कडे सोपवण्याआधी आपणच तपासायचं:

    डेफ भागा(अ, ब):
        इफ ब.किमान <= ० <= ब.कमाल:
            रेझ झिरोडिव्हिजनएरर('भाजकात शून्य आहे')
        रिटर्न कोपरे(ऑपरेटर.ट्रूडिव्ह, अ, ब)

याचा अर्थ जोडी ला नुसती ऑपरेटर.ट्रूडिव्ह देऊन भागत नाही, दोन पट्टे घेऊन पट्टा देणारं फंक्शन द्यावं लागतं. म्हणजे दीर्घिका यांची मूळ जोडी च बरोबर होती, मी तिच्या आत कोपरे घुसवायला नको होते. बेरीज, वजाबाकी, गुणाकाराला फंकटूल्स.पार्शल(कोपरे, ऑपरेटर.ॲड) असं द्या, भागाकाराला भागा द्या. कोणती क्रिया कोपऱ्यांवर विसंबू शकते हे क्लासच्या अंगातच एका नजरेत दिसेल.

बखरकार

पट्ट्यांचं हे अंकगणित जुनं आहे. रॅमन मूरने १९६० च्या दशकात ते संगणकासाठी पद्धतशीर मांडलं, आणि २०१५ मध्ये आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेचं १७८८ क्रमांकाचं मानकही आलं. त्यातला एक नियम इथे हवाच: किमान बाजू खाली आणि कमाल बाजू वर, असं *बाहेरच्या दिशेने* राउंड करायचं. सध्याच्या कोडमध्ये पट्टा(०.१, ०.१) + पट्टा(०.२, ०.२) करून बघा, दोन्ही टोकं ०.३ पेक्षा केसभर मोठी येतात. म्हणजे ०.३ त्या पट्ट्यात नाहीच.

उपाय दोन शब्दांचा आहे आणि एकाच ठिकाणी करायचा आहे. कोपरे च्या शेवटच्या ओळीत मिन भोवती मॅथ.नेक्स्टआफ्टर(..., -इन्फ) आणि मॅक्स भोवती मॅथ.नेक्स्टआफ्टर(..., इन्फ). पायथन ३.९ पासून आहे. हेच जर अक्षांश यांच्या पहिल्या आवृत्तीत करायचं असतं तर आठ मेथड उघडाव्या लागल्या असत्या.

खटपट्या

पण मग पूर्णांकांचे पट्टेही फ्लोट होतील आणि सम मधली ० ची बेरीजसुद्धा पट्टा केसभर रुंद करेल.

बखरकार

हो. रुंद झालेला पट्टा चालतो, उत्तर बाहेर राहिलेला चालत नाही.

निळीशाई

अवांतर: पट्टा, किमान, कमाल ही नावं खऱ्या पायथनमध्येही देवनागरीत चालतात, ३.० पासून, पीईपी ३१३१ (पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव). डेफ आणि रिटर्न नाही चालत. गंमत म्हणजे इंट('१२') ला देवनागरी अंकांची स्ट्रिंग दिली तरी बारा मिळतात, पण कोडमध्ये थेट १२ असे लिहिले तर सिंटॅक्सएरर.

नमपाय वापरणाऱ्यांसाठी मुद्द्याचं: अ‍ॅरे + पट्टा केलं तर नमपाय पट्ट्याला एक सुटा ऑब्जेक्ट समजून प्रत्येक घटकाशी बेरीज करत सुटतं. ते नको असेल तर क्लासमध्ये __अ‍ॅरे_युफंक__ = नन लिहा. मग अ‍ॅरे नॉटइम्प्लिमेंटेड म्हणतो आणि निर्णय तुमच्या __आरॲड__ कडे येतो.

अक्षांश

सध्याचा क्लास असा:

    @डेटाक्लास(फ्रोझन=ट्रू)
    क्लास पट्टा:
        किमान: फ्लोट
        कमाल: फ्लोट

        __ॲड__, __आरॲड__ = जोडी(पार्शल(कोपरे, ऑपरेटर.ॲड))
        __सब__, __आरसब__ = जोडी(पार्शल(कोपरे, ऑपरेटर.सब))
        __मुल__, __आरमुल__ = जोडी(पार्शल(कोपरे, ऑपरेटर.मुल))
        __ट्रूडिव्ह__, __आरट्रूडिव्ह__ = जोडी(भागा)

कोपरे, भागा, पट्टा_कर, जोडी ही चारही क्लासच्या वर. त्यांच्या आत 'पट्टा' हे नाव फक्त बोलावल्यावर लागतं, म्हणून क्लास नंतर आला तरी अडत नाही. जोडी मध्ये दीर्घिका यांची क्रिया(सेल्फ, इतर) परत आणली. सबक्लासचा विचार केलेला नाही, उत्तर नेहमी पट्टाच येतं.

प - प केल्यावर शून्य न येता पट्टा(१, २) साठी पट्टा(-१, १) येतो. हे बरोबर समजू ना?

तिरकस

बरोबर समजा. वजाबाकीला माहीत नसतं की दोन्ही बाजूंना *तोच* पट्टा आहे. तिच्यासाठी ती दोन वेगळी मोजमापं, एक १ असू शकतं आणि दुसरं २. ऑपरेटर ओव्हरलोडिंगच्या हातात हे नाही.

आणि पाव चं राहिलं होतं. पट्टा(-१, २) चा वर्ग घ्या. प * प म्हटलं तर येतं पट्टा(-२, ४), याच कारणाने गरजेपेक्षा रुंद, पण निदान खरं उत्तर त्याच्या आत आहे. घाईघाईत यांच्या लूपमधल्या पाव ने कोपऱ्यांवरून येतं पट्टा(१, ४), जे सरळ चूक, कारण ० चा वर्ग ० आणि तो बाहेर राहिला. खरं उत्तर पट्टा(०, ४). घातांक ०.५ दिला तर आणखी मजा: ऋण कोपऱ्याचं उत्तर कॉम्प्लेक्स येतं आणि मिन त्यावर टाइपएरर फेकतो.

__पाव__ हाताने लिहा. घातांक धन पूर्णांक असेल तेवढाच घ्या, बाकी सगळ्याला नॉटइम्प्लिमेंटेड. विषम असेल तर दोन टोकं पुरतात. सम असेल आणि पट्ट्यात शून्य असेल तर किमान ०, कमाल दोन टोकांच्या घातांतला मोठा. __आरपाव__ ची गरज पडेपर्यंत लिहू नका.

अक्षांश

लिहितो आणि इथे टाकतो. टेस्टसाठी पट्ट्यातून कुठलेही आकडे उचलायचे, साध्या आकड्यांवर क्रिया करायची आणि उत्तर पट्ट्याच्या उत्तरात बसतं का बघायचं, असं ठरवलंय. पाचही क्रियांना एकच टेस्ट पुरेल.

घाईघाईत

त्या टेस्टला तरी लूप चालेल ना?

दीर्घिका

त्याला चालेल. फक्त पट्टा(-१, २) सारखे शून्य ओलांडणारे पट्टे आणि टोकं सारखी असलेले पट्टे मुद्दाम घाला, आपोआप उचललेल्या आकड्यांत ते क्वचितच येतात.